पाहुण्यांची आधार कार्डं पोलिसांना व्हॉट्सॲप केली. चुकलो का?

पडवीवाला
११ मे, रात्री ९:४०

मंडळी, गुहागर तालुक्यात आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. जुन्या घराचीच पुढची बाजू, नवं काही बांधलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी मागीलदारी आमसुलं वाळत घातली होती ती परतत होतो, दोन्ही हात लाल, तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर. "पोलीस ठाण्यातून बोलतोय. मार्चपासून आजपर्यंत तुमच्याकडे उतरलेल्या सगळ्यांची आधार कार्डं, मोबाईल नंबर आणि पैसे आले त्याचे स्क्रीनशॉट या नंबरवर टाका." मी विचारलं, कशासाठी? "वरून आलंय." फोन बंद.

हात धुतले आणि पाठवत बसलो. एकूण एकेचाळीस कार्डं. अडतीस गेल्यावर एका पुण्याच्या बाईंचं कार्ड समोर आलं आणि बोट थांबलं. निघताना त्यांनी मला मुद्दाम विचारलं होतं, "काका, आमच्या आधारचे फोटो नंतर काय करता?" मी ऐटीत सांगितलं होतं, "ते माझ्याच फोनमध्ये असतात, बाहेर कुठे जात नाहीत." तरी पाठवलं. पुढचे दोनही पाठवले. निळ्या खुणा आल्या. उलट एक अक्षर नाही.

तेव्हापासून चैन नाही. मला नाही म्हणता आलं असतं का? आणि आता पाहुण्यांना सांगायचं का?

स्पष्टच_बोलतो
११ मे, रात्री १०:०५

कशाला एवढा बाऊ? पोलिसांना सहकार्य करणं नागरिकाचं कर्तव्य आहे. ज्यानं काही केलं नाही त्याला कसली भीती?

सोलकढी
११ मे, रात्री १०:१२

वाचते आहे. आमच्याही घरगुती खानावळीला असाच फोन आला होता. मी सीसीटीव्हीचं अख्खं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर दिलं. पेनड्राइव्हसुद्धा परत आला नाही. ६४ जीबीचा होता!

जुना_हवालदार
१२ मे, सकाळी ७:३०

रायगड जिल्ह्यात उभी नोकरी केली, आता निवृत्त आहे. दुसरी बाजू सांगतो, राग मानू नये.

१८ ऑगस्ट २०२२. हरिहरेश्वरजवळ किनाऱ्याला मोकळी बोट लागली, आत तीन एके-४७ रायफली. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, गणपती तोंडावर. रात्रभर लॉज, होमस्टे, रजिस्टरं, गाड्यांचे नंबर, हेच चाललं होतं. पुढे कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, ओमानच्या बाजूला सोडून दिलेली, वाहत आली. पण त्या रात्री हे कुणाला ठाऊक होतं? प्रत्येक लॉजसाठी मॅजिस्ट्रेटसाहेबांना उठवत बसलो असतो तर उजाडलं असतं.

आणि १९९३ साली शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते आपल्याच किनाऱ्यावर, हे नव्या पिढीला माहीत नसतं. २००८ ला कुबेर बोटीनं अतिरेकी मुंबईकडे आले तेही बघितलं. किनारपट्टीवर माहिती पटकन मिळावी लागते.

शून्य_एक
१२ मे, सकाळी ९:१५

हवालदारसाहेब, २०२२ च्या रात्रीबद्दल तुमचं पटतं. शेखाडीचं उदाहरण मात्र तुमच्यावरच उलटतं. तो माल उतरला तो खात्याला कळलं नाही म्हणून नाही. कस्टम्स आणि पोलीस दोन्हीकडच्या काही जणांनी पैसे घेऊन वाट मोकळी करून दिली, आणि त्याबद्दल खटल्यात त्यांना शिक्षा झाल्या. माहिती ज्यांच्या हातात द्यायची त्यांच्यावरही कुणाची तरी नजर हवी, एवढंच त्यातून निघतं.

काळा_कोट
१२ मे, दुपारी १:५०

कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, टंकलेखनाच्या चुका पोटात घाला.

पडवीवाले, नुसत्या फोनवर द्यायला तुम्ही बांधील नव्हता. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिचं कलम ९४ म्हणजे जुन्या सीआरपीसीचं, फौजदारी प्रक्रिया संहितेचं, ९१. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तपासासाठी कागदपत्र, डिजिटल पुरावा, अगदी मोबाईलसुद्धा मागता येतो, पण लेखी आदेशानं. आदेश कागदावर चालतो, इलेक्ट्रॉनिक चालतो. "वरून आलंय" हा आदेशाचा प्रकार मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

आता कडू भाग. हा लेखी आदेश म्हणजे वॉरंट नव्हे. त्यावर न्यायाधीशाची सही लागत नाही. मागणारा आणि मागायची परवानगी देणारा एकाच छपराखाली बसतो. तरीही कागदाचा उपयोग होतो, कारण त्यावर गुन्हा काय, तारीख काय, कुणाबद्दल, हे लिहिलं जातं आणि खाली कुणाचं तरी नाव येतं. उद्या कोर्टात तो कागद दाखवता येतो. तुमच्या निळ्या खुणा दाखवून काय होणार?

हवालदारसाहेबांच्या रात्रीची सोयही कायद्यात आहे. कलम १८५ खाली तपास अधिकाऱ्याला घाईच्या प्रसंगी वॉरंटशिवाय झडती घेता येते. आधी कारणं लिहायची आणि ती नोंद ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. म्हणजे कुणाला उठवायचं नाही, फक्त सकाळी हिशेब द्यायचा. आता मार्चपासूनच्या एकेचाळीस पाहुण्यांत कसली घाई होती, तुम्हीच सांगा.

आणि एक गंमत. आधार कायद्याचं कलम ३३ बघा. आधार देणाऱ्या प्राधिकरणाकडून तुमची ओळखीची माहिती काढायची तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा आदेश लागतो, तोही प्राधिकरणाचं आणि त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद आहे, पण तिथंही सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याची सही लागते. तोच बारा आकडी नंबर तुमच्या फोनमधून एका कॉलवर गेला. पुढचं दार सागवानी, कडी-कोयंडा लावलेलं, आणि मागीलदारी बेडं सरकवलं की परसात.

स्पष्टच_बोलतो
१२ मे, दुपारी २:२०

ताई, पण ते कार्ड पाहुण्यानं स्वतःच्या हातानं दिलं ना? दिल्यावर त्याचं खासगी काय राहिलं? आणि सगळी दुनिया गुगलला, फेसबुकला लोकेशनपासून सगळं देते तेव्हा कुणाला त्रास होत नाही. सरकारचं नाव आलं की लगेच खाजगीपणा आठवतो.

परदेशी_आंबा
१२ मे, संध्याकाळी ६:४५ (आमच्याकडे सकाळ)

मूळचा देवरुखचा, गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत. "स्वतःच दिलं, मग खासगी काय राहिलं" हा तुमचा प्रश्न इथल्या सुप्रीम कोर्टानं अक्षरशः कायदा करून ठेवला होता. १९७६ ला बँकेच्या नोंदींबाबत, १९७९ ला स्मिथ विरुद्ध मेरीलँड खटल्यात फोनवरून फिरवलेल्या नंबरांबाबत. तिसऱ्याला दिलंत ना, मग त्यावर घटनेचं संरक्षण नाही. त्यात १९८६ चा कायदा असा की कंपनीच्या सर्व्हरवर १८० दिवसांहून जुना झालेला ईमेल वॉरंटशिवाय मागता येई. १९८६ मध्ये सहा महिने ईमेल कोण साठवणार, असा हिशेब असावा. माझ्या इनबॉक्समध्ये २००५ पासूनची पत्रं आहेत, आईनं सायबर कॅफेतून रोमन अक्षरांत लिहून पाठवलेलीसुद्धा.

२०१८ ला कार्पेंटर खटल्यात हे थोडं वळलं. पोलिसांनी एका माणसाच्या मोबाईलच्या टॉवरवरून १२७ दिवसांचा ठावठिकाणा वॉरंटशिवाय मिळवला होता. कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं सांगितलं, चालणार नाही, वॉरंट आणा. पाच विरुद्ध चार, म्हणजे एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे असता तर संपलं होतं. यावर तोड काय निघाली असेल? वॉरंट टाळायचं तर माहिती विकत घ्यायची. ॲपवाल्यांकडून लोकेशन गोळा करून विकणारे दलाल आहेत आणि सरकारी यंत्रणा त्यांच्या गिऱ्हाईक आहेत. हे इथल्या गुप्तचर खात्याच्या स्वतःच्याच अहवालात आलंय, २०२३ मध्ये तो खुला झाला.

काळा_कोट
१२ मे, रात्री ८:३०

परदेशी आंबा यांनी बँकेचं काढलंत ते बरं झालं, कारण इथे आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, निदान कागदावर. २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅनरा बँकेच्या खटल्यात तो अमेरिकन निकाल वाचला आणि बाजूला ठेवला. ग्राहकाचे कागद बँकेच्या ताब्यात गेले म्हणून त्यांचा खासगीपणा संपत नाही, तो माणसाचा असतो, जागेचा नसतो, असं म्हटलं. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो याच वाटेनं पुढे जाऊन.

तेव्हा स्पष्टच बोलतो, पाहुण्यानं कार्ड दिलं ते खोली मिळावी म्हणून. ते पडवीवाल्यांकडे ठेवीसारखं होतं.

केळवेकरीण
१२ मे, रात्री ९:०२

गुगल मला चपलांच्या जाहिराती दाखवतं. रात्री दारात जीप उभी करत नाही. हा फरक आहे, दादा.

मी पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये आमच्या गावात काय झालं ते अख्ख्या देशानं पाहिलं. बाळासाहेब गेले, बंद पाळला गेला, एका मुलीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं लाइक केलं. दोघींना अटक. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमानं हे सगळं झालं ते सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, पण त्या मुलींची ती रात्र कोण परत देणार?

मान्य आहे, ती पोस्ट उघडच होती, तिथे वॉरंटचा प्रश्न नव्हता. मी एवढंच म्हणते की "काही केलं नाही" हे आपण आपलं ठरवतो. लाइक करणं म्हणजे काही करणं असतं, हे त्या मुलीला दुसऱ्या दिवशी कळलं.

स्पष्टच_बोलतो
१२ मे, रात्री ९:२०

ते प्रकरण चुकीचंच होतं, त्यात वाद नाही.

तांडेल
१२ मे, रात्री १०:४०

माका कलमा-बिलमा समाजणत नाय, पण एक इचारतंय. आमच्या होडयेर सरकारान ट्रान्सपाँडर बसवलो, फुकट. वादळात गावलंव तर बटन दाबूचा, किनाऱ्यार समाजता. तेच्याबद्दल तक्रार नाय, उलट बायल सुखान झोपता. पण माझी होडी राती खय होती ता कोण कोण बघता? मी जाळा खय मारतंय ता सख्ख्या भावाक सांगणंय नाय. बापाशीन माका दाखवलेली जागा ती, डोंगराच्या दोन टोकांची सांगड घालून. ती आता खयच्या तरी हाफिसातल्या पडद्यार टिंब होवन बसली. उद्या मोठ्या जाळ्याच्या पर्ससीनवाल्याच्या वळखीचो कोण थंय बसलो तर?

अधिकाऱ्याक इचारलंय तर म्हणता, "डेटा सुरक्षित आहे." कोणापासून ता सांगलान नाय.

सोलकढी
१२ मे, रात्री १०:४८

तांडेल, शेवटची ओळ __/\__

शून्य_एक
१३ मे, सकाळी ११:००

तांडेलभाऊंचा प्रश्नच मोठा आहे. आधी सगळ्यांना ठाऊक असलेल्या वाटेबद्दल लिहितो, म्हणजे फोन आणि इंटरनेटचं थेट ऐकणं-वाचणं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली कुठल्याही संगणकातली माहिती मधल्यामध्ये पकडता येते, उलगडून मागता येते. परवानगी कोण देणार? केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव. २० डिसेंबर २०१८ ला केंद्रानं यासाठी दहा यंत्रणांची यादीच जाहीर केली, आयबीपासून ईडीपर्यंत आणि प्रत्यक्ष कर मंडळापासून दिल्लीच्या पोलीस आयुक्तांपर्यंत. फोनसाठी आधी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा. दोन्हीकडे न्यायाधीश नाही. दर दोन महिन्यांनी एक समिती आदेश तपासते, तीही सचिवांचीच.

आता आकडे बघा. केंद्राचे फोन ऐकण्याचे आदेश महिन्याला साडेसात ते नऊ हजार निघतात, असं माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून बाहेर आलं होतं. दिवसाला अडीचशे ते तीनशे सह्या, रविवार धरून. आंब्याच्या पेट्यांवर शिक्के मारायलासुद्धा यापेक्षा जास्त निरखावं लागतं. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात याच आकड्यांवरून लिहिलं की तपासणी समितीपुढे एका बैठकीला पंधरा ते अठरा हजार आदेश येणार, आणि हे होण्यासारखं नाही.

आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कधीच कळवत नाहीत. आधी नाही, नंतरही नाही. पडवीवाल्यांना निदान आपण काय केलं ते माहीत आहे.

काळा_कोट
१३ मे, दुपारी २:०५

शून्य_एक, भर घालते. कधीमधी कळतंही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विनीत कुमार प्रकरणात एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले. लाचेचं प्रकरण होतं, सीबीआयचं. कोर्ट म्हणालं, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काही दिसत नाही, रेकॉर्डिंग नष्ट करा. पण त्या माणसाला हे कळलं कसं? आरोपपत्रात त्याच संभाषणांचा आधार घेतला होता म्हणून. ज्याच्यावर आरोपपत्रच येत नाही तो बापडा काय करणार? निर्दोष माणसाला दाद मागायची सोय दोषीपेक्षा कमी, असा हा उरफाटा न्याय आहे.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याकडून आशा ठेवणाऱ्यांनी कलम १७ वाचावं. गुन्ह्याच्या तपासाला सूट, आणि केंद्र ज्या सरकारी यंत्रणेचं नाव अधिसूचित करील तिला जवळजवळ अख्ख्या कायद्यातूनच सूट. पडवीवाल्यांसारख्यांची कर्तव्यं मात्र आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षानं लागू होतात. तोवर फोटोंची गॅलरी आवरा.

बागायतदार_राजापूर
१३ मे, दुपारी ४:१५

अवांतर: नवीन प्राप्तिकर कायद्यात ईमेल आणि फेसबुकपण उघडतात म्हणे? खरं का?

काळा_कोट
१३ मे, रात्री ८:१०

अवांतर मुळीच नाही. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आला आहे. छाप्याच्या वेळी अधिकाऱ्याला "आभासी डिजिटल जागे"चा पासवर्ड ओलांडून आत जाता येतं. त्या जागेत ईमेल, समाजमाध्यमांची खाती, ऑनलाइन बँक खातं, क्लाउड सगळं धरलंय. छापाच घालायचा असेल तेव्हाची ही गोष्ट आहे, रोजची नव्हे. पण छाप्याचा हुकूम खात्यातलाच वरिष्ठ देतो. पुन्हा तेच छप्पर.

जुना_हवालदार
१४ मे, सकाळी ७:१०

सगळं वाचलं. एक कबूल करतो. आमच्या वेळी रजिस्टर बघायला जायचो तेव्हा मालक रजिस्टर पुढ्यात ठेवायचा, आम्ही हवं ते पान बघायचो, सही करायचो, वही तिथेच राहायची. आता वहीच खिशात येते. आणि खिसा सरकारी नसतो, फोन शिपायाचा स्वतःचा असतो. बदली झाली की तो फोन घेऊन दुसऱ्या तालुक्यात. सगळ्या तालुक्याची कार्डं त्याच्या गॅलरीत, पोराच्या बारशाच्या फोटोंशेजारी. हे बरोबर नाही.

पडवीवाले, लेखी मागा. चांगला अधिकारी चिडत नाही. आणि पाहुण्यांकडून मास्क्ड आधार घेत जा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. परदेशी पाहुणा आला तर त्याच्या माहितीचा फॉर्म २४ तासांत भरायचाच, तिथे हयगय नको.

पडवीवाला
१९ मे, रात्री १०:३०

उशीर झाला, सीझन चालू आहे. काय झालं ते सांगतो.

१५ तारखेला त्याच नंबरवरून पुन्हा फोन. एप्रिलमधली पाच-सहा कार्डं अस्पष्ट आहेत, परत पाठवा. काळा कोट ताईंनी सांगितलं तसं म्हटलं, "साहेब, लेखी द्या, लगेच देतो." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बघतो." मला वाटलं आता जीप येणार. आईला सांगितलं. ती कुळीथ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पडवीत कुणीही टेकावं, ओटीवर ओळखीच्यानं यावं, माजघरात विचारल्याशिवाय देवसुद्धा येत नाही. तू त्यांना थेट माजघरात नेलंस."

जीप आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्राची पीडीएफ आली, शिक्का, जावक क्रमांक, खाली सही. एका अपघाताचा तपास. एक गाडी नंबर, एप्रिलमधल्या दोन तारखा, त्या गाडीतून आलेल्या दोन माणसांची माहिती. बस. तोंडी एकेचाळीस होती, कागदावर यायची वेळ आली तर दोन झाली.

ती दोन मी पाठवली. उरलेली एकोणचाळीस तुमच्या फोनमधून काढून टाका, अशी विनंती केली. "हो हो" म्हणाले. माझ्याकडून सगळ्यांसाठी डिलीट करायला गेलो होतो तर ती मुदत केव्हाच उलटून गेलेली.

पाहुण्यांना सांगायचं का, याचं उत्तर कुणी दिलं नाहीत, तेव्हा माझं मीच ठरवलं. एकेकाला फोन करतोय. बरेच जण म्हणाले, जाऊ द्या हो. एक जण आंब्याचा भाव विचारून मोकळा झाला. काल त्या पुण्याच्या बाईंना लावला. सगळं ऐकून घेतलं, चिडल्या नाहीत. फक्त विचारलं, "कुणाला पाठवलंत, काका? नाव काय त्यांचं?"

पत्रावर सही अधिकाऱ्याची होती. कार्डं ज्या नंबरवर गेली त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. फोन उघडून पाहिलं, डीपीवर समुद्रातल्या सूर्यास्ताचा फोटो आहे.

तांडेल
१९ मे, रात्री ११:१५

आमच्या पडद्यार बसतल्या माणसाचोय नाव उद्या इचारून येतंय.